थोडक्याविषयी विश्वासू
आजचे वचन: लूक 16:10

काल ऑफिसात हिशेब जुळेना. "कोण बघतंय?" म्हणत मी एक आकडा तसाच बसवला. रात्री प्रार्थनेला बसले, तर शब्दच फुटेना.

मग आमच्या वर्ध्याचे जे. सी. कुमारप्पा आठवले. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ. 1934 च्या बिहार भूकंपानंतर त्यांनी मदतनिधीचे हिशेब सांभाळले. पुढे इथे मगनवाडीत राहून तेलघाणी, जातं, हातकागद अशा साध्या ग्रामोद्योगांसाठी ते वर्षानुवर्षे झटले.

प्रभू थोडक्यातच का पारखतो? मोठं काम लोक बघतात. लहान काम बहुतेकदा फक्त तोच बघतो. तिथे मी खरी कशी आहे ते कळतं.

आज साहेबांना सगळं सांगून तो आकडा दुरुस्त करणार आहे. भीती वाटतेय. माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमचा कुठला आकडा राहिलाय?