दात्याच्या नावाची पाटी

देवळाला पंखा दिला की पात्यावर नाव आलंच, ही आपली जुनी हौस. जगातल्या बड्या म्युझियमांत तीच हौस आख्ख्या दालनाच्या मापाने भागवली जाते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इजिप्तचं डेंडूर मंदिर ज्या काचेच्या दालनात उभं आहे, त्यावर सॅकलर कुटुंबाचं नाव होतं. १० मार्च २०१८ रोजी मंदिरापुढच्या पाण्यात औषधांच्या केशरी बाटल्या येऊन पडल्या. फेकणाऱ्यांच्या पुढे होत्या छायाचित्रकार नॅन गोल्डिन. याच म्युझियमच्या संग्रहात त्यांची छायाचित्रं आहेत, आणि ऑक्सिकॉन्टिनच्या व्यसनातून त्या स्वतः बाहेर पडल्या होत्या.

ऑक्सिकॉन्टिन म्हणजे सॅकलरांच्या मालकीच्या पर्ड्यू फार्माची वेदनाशामक गोळी. तिच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा पर्ड्यू समूहातल्या कंपनीने २००७ सालीच न्यायालयात कबूल केला होता. पाट्या मात्र बरीच वर्षं जागच्या हलल्या नाहीत. लूव्रने नाव काढलं २०१९मध्ये, मेट्रोपॉलिटनने डिसेंबर २०२१मध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने २०२२मध्ये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तीचा काळ बिनचूक सांगणाऱ्या विद्वानांना कालच्या वर्तमानपत्रातली बातमी वाचायला इतका वेळ लागावा?

यावर बचाव ठरलेला: पैसा कुठूनही येवो, कला तर सगळ्यांनाच पाहायला मिळते ना! शिवाय डेंडूरचं दालन १९७८चं, गोळी बाजारात आली १९९६मध्ये. सॅकलर बंधूंपैकी थोरले आर्थर तर १९८७मध्येच वारले. हे सगळं खरं आहे. पण आक्षेप १९७८च्या पैशाला नाहीच. गुन्हा कबूल झाल्यावरही चालू ठेवलेल्या मानाला आहे. देणगीदार इथे प्रतिष्ठा विकत घेतो, आणि ती परस्पर विकावी अशी म्युझियमची मालमत्ता नव्हे. ती तिकीट काढून, पोरांना कडेवर घेऊन येणाऱ्या प्रेक्षकाच्या विश्वासावर उभी असते.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला मिळणारी दहा लाख पौंडांची सॅकलर देणगी मार्च २०१९मध्ये बारगळली. हे पैसे घेतलेत तर माझं प्रदर्शन होणार नाही, असं गोल्डिन यांनी आधीच बजावलं होतं. एका कलावंताला जे सुचतं, ते विश्वस्त मंडळांना का सुचू नये?

आपल्याकडेही प्रदर्शनांच्या दारात आता कंपन्यांची बोधचिन्हं झळकतात. पैसे जरूर घ्यावेत. पण नाव किती रकमेला, किती वर्षांसाठी आणि काय घडलं तर उतरेल, हे करारात लिहावं. आणि तो करार चित्राशेजारच्या माहितीफलकाइतकाच उघडा ठेवावा.