भाव आणि माप

वसईतल्या पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी-केळी घेऊन बसणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनींना एका बँकेचे पत्र आले आहे. त्यांच्या जुन्या पगार खात्यातून दंडापोटी 6,490 रुपये कापले गेले होते, त्यांतले 3,245 बँक ‘सद्भावना म्हणून’ परत द्यायला तयार आहे. अट एकच. सोबतच्या कागदावर सही करायची, की ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून मिळाली आणि माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही. वहिनींनी विचारले, “भाऊ, घेऊन टाकू का? अर्धे तर अर्धे. पदरी पडलं ते पवित्र झालं.”

त्यांच्या या बोलण्याला कमी लेखायचे मला धाडस होत नाही. शाखा अंधेरीला. वसई रोडला जाऊन गाडी पकडायची, काउंटरवर ताटकळायचे, साहेब जेवायला गेले म्हणून पुन्हा बसायचे, म्हणजे दिवसाचा धंदा बुडाला. तीन हजारांच्या मागे लागून दोन हजार घालवणे शहाणपणाचे नाही, हे ज्यांच्या घरात रोजचा पैसा रोज येतो त्यांना कुणी शिकवायला लागत नाही. भांडण मिटवून मोकळे होण्याला स्वतःची एक किंमत असते आणि ती ज्याची त्यानेच ठरवायची.

तरीही सही करण्याआधी पासबुक उघडून बसलो. कंपनी बंद पडली, पगार थांबला आणि खाते साधे बचत खाते झाले. त्यात 2,950 रुपये होते. मग किमान शिल्लक नाही म्हणून दर महिन्याला एकच नोंद: 590. म्हणजे 500 रुपये दंड आणि त्यावर 18 टक्क्यांनी 90 रुपये जीएसटी. अशा पाच नोंदींत 2,950 संपले, खाते शून्यावर आले. नोंदी मात्र थांबल्या नाहीत. आणखी सहा वेळा 590 लागले आणि खाते उणे 3,540 वर गेले. पुढे विम्याच्या पॉलिसीचे पैसे त्याच खात्यात आले, तेव्हा बँकेने आधी आपले 3,540 वळते करून घेतले. वहिनींना सारे कळले ते त्या दिवशी.

रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी या दंडाबद्दल बँकांना सूचना दिल्या, त्या 1 एप्रिल 2015 पासून लागू झाल्या. शिल्लक कमी पडली की आधी खातेदाराला कळवा, ती भरायला किमान महिनाभर द्या, दंड तुटीच्या प्रमाणात ठेवा. आणि त्यांतली सगळ्यात स्पष्ट सूचना अशी की, निव्वळ हा दंड लावल्यामुळे बचत खाते उणे होता कामा नये. शून्याखाली गेलेले ते 3,540 रुपये घ्यायचा बँकेला अधिकारच नव्हता. म्हणजे ‘सद्भावना’ म्हणून पुढे केलेली रक्कम बँकेने मुळात घ्यायलाच नको होती त्या रकमेपेक्षाही 295 रुपयांनी कमी आहे! अर्धे परत मिळाले असे वाटते, पण मिळते ते आपलेच, तेही पुरते नाही. याचा मला मनापासून राग येतो. रक्कम लहान आहे म्हणून तो कमी होत नाही, कारण अशी लहान रक्कम ज्यांना मोठी असते त्यांच्याकडूनच ती कापली जाते.

उरलेल्या 2,950 चे तसे नाही. तिथे बँकेलाही बोलायला जागा आहे. वहिनींनी मोबाइल नंबर बदलला तो बँकेला कळवला नव्हता. संदेश जुन्या नंबरवर पाठवले, असे बँक म्हणेल. पहिल्या महिन्यात खात्यात जवळजवळ तीन हजार असताना आणि पाचव्या महिन्यात जेमतेम 590 उरले असताना दंड सारखाच कसा, हे आपण विचारू. त्यावर उत्तर येईल, प्रत्युत्तर जाईल. तडजोड करायची तर इथे. थोडे त्यांनी सोडावे, थोडे आपण.

वहिनींना हे समजवावे लागले नाही. बाजारात गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करते, त्याही दोन रुपये सोडतात. पण अर्ध्या किलोच्या जागी चारशे ग्रॅम भरून वर ‘तुमच्यासाठी म्हणून’ असे कुणी म्हटले, तर ती घासाघीस नव्हे. मी एवढे म्हणताच त्या म्हणाल्या, “म्हणजे यांनी मापातच मारलंय.”

‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांना मात्र बिचकायचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेतही लोकपालाचा निवाडा पूर्ण व अंतिम म्हणून मान्य असल्याचे पत्र तक्रारदाराला 30 दिवसांत द्यावे लागते, नाहीतर निवाडा रद्द होतो. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. वाद कधीतरी संपायला हवाच. फरक इतकाच की तिथे सहीच्या आधी तिऱ्हाइताने हिशेब पाहिलेला असतो. इथे हिशेब न सांगताच सही मागितली आहे.

आपल्या पापडीला तर हिशेबाचे वावडे असायला नको. मॉन्सिनियर मोनीस यांच्या पुढाकाराने 1918 साली इथल्या माणसांनी स्वतःची पतसंस्था उभी केली, तीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. वहिनींचे पत्र अर्थातच वेगळ्या बँकेचे. पण शंभरावर वर्षे ज्या गावात गावकऱ्यांची स्वतःची बँक आहे, तिथल्या बाईने बँकेच्या पत्रापुढे दबून का जावे? कर्ज थकले असते तर गोष्ट निराळी होती. एकरकमी परतफेडीची सवलत कर्जदाराला हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बिजनोर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे. वहिनी काही थकबाकीदार नाहीत. त्यांना कुणाची मेहेरबानी नको आहे.

सही न करता आम्ही उत्तर लिहिले, छोटेच. 3,540 रुपये कोणत्याही अटीशिवाय परत जमा करावेत. 2,950 बाबत कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर सूचना पाठवली आणि दंड कसा मोजला ते लेखी कळवावे. ते पाहून त्या रकमेपुरती तडजोड करायची तयारी आहे. पत्राची पोच ठेवायची. त्यासाठी अंधेरीला जायला नको, स्पीड पोस्टाने काम होते.

“आणि नाही म्हणाले तर?” वहिनींनी विचारले. नाही म्हणाले, किंवा 30 दिवसांत उत्तरच दिले नाही, तर लोकपालाकडे जायचे. त्याला फी नाही, वकील लागत नाही, घरबसल्या तक्रार करता येते. फक्त सहीचा तो कागद त्याआधी बँकेच्या हाती जाता कामा नये. गेला, तर बँक पहिल्यांदा तोच पुढे करील.

वहिनींनी तो कागद घडी घालून पासबुकात ठेवला आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.