रांगेतली रिकामी जागा

मराठी बोलण्यात देवाची गाठ दोनच ठिकाणी पडते. एक वारीच्या शेवटी, दुसरी आयुष्याच्या शेवटी. वारीची तयारी सगळे मिळून करतात. दिंडी ठरते, शिधा गोळा होतो, कोण कुठे चालणार हे ठरते, म्हाताऱ्याची वळकटी तरण्याच्या खांद्यावर जाते. ‘देवाघरी’ जाण्याची तयारी मात्र एकट्याची. तोंडात तुळशीचे पान घालायला चार माणसे असतात, पण हिशेब ज्याचा त्याने द्यायचा, असे आपण धरून चालतो. पापाच्या खात्यावर नेहमी एकाचेच नाव असते. या समजुतीशी माझे भांडण आहे. ते मी आर्णीच्या मुलखात उभा राहून करतो आहे, कारण एकट्याच्या खात्यात न मावणारे पाप इथे उघड्या डोळ्यांना दिसते.

आर्णी यवतमाळच्या दक्षिणेला, अरुणावतीच्या काठी, नागपूर-तुळजापूर महामार्गावर आहे. बाबा कंबलपोष यांचा दर्गा ही गावाची ओळख. उरुसाला सगळ्या जातीधर्मांचे लोक येतात. पुढे माहूरची रेणुका. भोवती कपाशी, सोयाबीन, तूर. आणि वऱ्हाडातल्या असंख्य गावांप्रमाणे या पट्ट्यातही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रुजलेली आहे. दिवस मावळताना लोक सरळ रांगांत बसतात. समोर मूर्ती नसते. अधिष्ठान म्हणून एक आसन मांडलेले असते. ज्याला देव ज्या रूपात दिसतो त्याने तो तिथे पाहावा. जातीप्रमाणे जागा नाही, मानकरी नाही, पहिला नारळ कोणाचा हा तंटा नाही. तुकडोजींनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारला तेव्हा देवळाच्या पायरीवरच माणसाला थांबवणारा समाज त्यांच्यापुढे होता. त्या समाजात एका पट्टीवर सगळ्यांना बसवणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज त्या रांगेत सहज जाऊन बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

1955 सालच्या ‘ग्रामगीते’चा पहिला अध्याय देवदर्शनाचा आहे आणि ग्रंथ अर्पण केला आहे ग्रामदेवतेला, म्हणजे गावालाच. एकेचाळीस अध्यायांचा हा ग्रंथ देवाच्या भेटीपासून निघतो आणि ग्रामशुद्धी, आरोग्य, श्रम, स्त्रियांची उन्नती, अंत्यसंस्कार असा गावभर फिरतो. प्रार्थनेच्या विषयानंतर दलित सेवेचा अध्याय येतो. हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही. जिथे सगळे एकत्र बसतात तिथून उठल्यावर पहिले पाऊल कोणाच्या दाराकडे पडायचे, ते त्या क्रमातच सांगितलेले आहे.

आपण मात्र प्रार्थनेच्या अध्यायाशी थांबलो. रांगेत बसून गातो, मागतो, सगळ्यांचे भले होवो म्हणतो. सगळ्यांचे जे वाईट झाले आणि ज्यात आपला हात होता, ते कबूल करणे आपल्या प्रार्थनेत येत नाही. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. त्या रांगेविषयी मला आदर आहे आणि म्हणूनच तिच्याकडून जास्त मागावेसे वाटते.

याच महामार्गाने आर्णीहून पुढे गेले की महागाव लागते. त्या तालुक्यातले चिलगव्हाण हे साहेबराव करपे यांचे गाव. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवले. महाराष्ट्रात ज्या शेतकरी आत्महत्यांची सार्वजनिक नोंद झाली, त्यांत ही पहिली मानली जाते. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्याचे नाव उच्चारले की लोकांना दुसरे काही आठवेनासे झाले, हाही एक अन्यायच. 2017 पासून अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवर 19 मार्चला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. त्यांत शहरात नोकरी करणारे, शेती सुटलेले, शेतकऱ्यांची मुले म्हणवणारे बरेच असतात. आंदोलनाच्या मागण्या कायद्यांविषयी आहेत, भाषा सहवेदनेची आहे. देवाचे नाव त्यात अनिवार्य नाही. तरीही गेल्या काही वर्षांत मराठी मुलखात सामूहिक पश्चात्तापाच्या सर्वांत जवळ जाणारी घटना कोणती, असे मला विचारले तर मी या उपवासाकडे बोट दाखवीन. ज्याच्या हातचे आपण खातो तो उपाशी गेला, म्हणून आपण आज जेवायचे नाही. यात मागणे नाही आणि नवसही नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जड आहे. सगळेच दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही. सावकाराने व्याज लावले, दुकानदाराने बोगस बियाणे दिले, काट्यावर कट्टी कापली गेली, बँकेने दारातून परत पाठवले, आणि संध्याकाळी हे सगळे एका रांगेत बसून ‘आम्ही चुकलो’ म्हणाले तर त्या ‘आम्ही’त प्रत्येकाचा ‘मी’ लपून जातो. खरे आहे. गाडगेबाबांनी हा धोका ओळखला होता. 1876 साली शेंडगावात जन्मलेला हा परीट कीर्तनात प्रवचन देत नसे, प्रश्न विचारत असे. देव कुठे आहे, दगडाला खाऊ घालता का, कर्ज काढून सण का करता, दारू कोण पितो? उत्तर लोकांकडून यावे लागे, मोठ्याने, शेजाऱ्यांच्या देखत. हजारोंच्या जमावात एकेकाला गाठण्याची ही युक्ती होती. आधी त्यांनी स्वतःच्या घरी करून दाखवले होते. लेकराच्या बारशाला दारू आणि बळी देण्याची रीत त्यांनी मोडली आणि भाऊबंदांचा राग घेतला. कीर्तनाआधी हातात खराटा असायचा आणि गाव झाडून झाल्यावरच देवाचा विषय निघायचा. सामूहिक कबुली आणि वैयक्तिक कबुली यांत त्यांना विरोध दिसला नाही, कारण त्यांच्या कीर्तनात ‘आम्ही’ हा शब्द प्रश्नाच्या उजेडात उभा असे.

दुसरा आक्षेप रवींद्रनाथ ठाकुरांनी घेतला होता. 15 जानेवारी 1934 ला बिहारात भूकंप झाला. गांधीजी तेव्हा वर्ध्याहून सुरू केलेल्या हरिजन दौऱ्यावर होते. भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे ते म्हणाले. अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या बाजूने असलेल्या रवींद्रनाथांनी या विधानाला जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनेला नीतीचा अर्थ चिकटवला की अविवेकाला बळ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. मी इथे रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. भिंतींखाली सापडले त्यांत उतरंडीच्या तळाचे लोकही होते. मग शिक्षा कोणाला झाली? याउलट, दुष्काळाच्या वर्षी मुसलमान बांधव उघड्या मैदानात जमून इस्तिस्काची नमाज पढतात. आधी तौबा, मग पावसाची विनवणी. अंगावरची चादर उलटी करतात, जणू आमची दशा तू अशीच पालट. त्या नमाजीत मला जे पटते ते हे की तिथे कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. पाऊस का आला नाही याचे उत्तर हवामानशास्त्राकडे आहे. पाऊस न आलेल्या वर्षी आपण एकमेकांशी कसे वागलो, याचे उत्तर आपल्याकडे आहे, आणि पश्चात्ताप त्याचाच करायचा. ज्याच्यावर संकट कोसळले त्याच्याकडून कबुली मागणे हा निर्दयपणा आहे. आत्महत्या केलेल्याच्या घरी जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणणारे अजून भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगेन की त्या घरात देवाचे नाव घेण्याआधी स्वतःचे घ्या.

तिसरा आक्षेप बाबासाहेबांचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 ला सुरू झाला आणि पुढे वर्षे गेली तरी दार उघडले नाही. 1935 च्या ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसणे त्यांनी नाकारले, कारण त्या वाट पाहण्याची किंमत दुसराच कोणी मोजत होता. पश्चात्ताप करणाऱ्याला हलके वाटते. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काय पडते, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच धारदार आहे. साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून उपोषण केले. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरले होते. दहा दिवसांनी मार्ग निघाला. गुरुजींच्या उपोषणात मला पश्चात्तापाचे सर्वांत निखळ रूप दिसते. जे पाप त्यांनी स्वतः केले नव्हते ते त्यांनी आपले म्हणून अंगावर घेतले. पण हेही मान्य करतो की देऊळ उघडल्याने गावाबाहेरचा वाडा गावात आला नाही, पाणवठा मोकळा झाला नाही. ज्यांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्माची दीक्षा घेतली, त्यांना विठोबाच्या दारापेक्षा मोठे दार हवे होते.

आणि त्या धम्मात या विषयाला धरून एक गोष्ट आहे, जी आपण सगळ्यांनी शिकावी अशी आहे. वर्षावास संपताना भिक्षुसंघात प्रवारणा होते. प्रत्येक भिक्षू इतरांना विनंती करतो की माझे काही चुकताना तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल तर मला सांगा. आपण सहसा आपल्याला सोयीची पापे कबूल करतो. इथे चूक कोणती ते दुसऱ्याने सांगायचे, आणि थोरानेही धाकट्याला विचारायचे. ईश्वराचा उल्लेखही नसलेल्या या विधीत ईश्वरासमोर उभे राहण्याची तयारी मला आपल्या आरत्यांपेक्षा जास्त दिसते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात योम किप्पुरला ‘दार फाळणीचा सण’ म्हणत. दिवसभर उपास, दारे लावून घेतलेली, पांढरी वस्त्रे, देवाशिवाय कोणाशी बोलणे नाही. पण त्यांच्या धर्मशास्त्राचा दंडक असा की माणसाविरुद्ध केलेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय त्या दिवशीही माफ होत नाही. म्हणजे दार लावण्यापूर्वी शेजाऱ्याच्या दारी जाऊन यायचे.

तर मग प्रार्थनेच्या रांगेत बसताना शेजारी कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे मोजावे लागेल. नवरा गमावलेली बाई पहिल्या रांगेत असते का? हळदीकुंकवाला तिला बोलावणे नसते. लग्नात ती खोलीत, मागे, पाहुण्यांच्या नजरेआड. तिच्या हातच्या भाकरी चालतात, तिच्या हातचे कुंकू चालत नाही. कर्ज तिच्या माथ्यावर, सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव चढायला वर्षे लागतात. हे काही सरकारने केलेले नाही आणि बोंडअळीनेही केलेले नाही. हे गावाने केले, रोज, मिळून, आणि कोणालाही आपण पाप करतो आहोत असे न वाटता. सामूहिक पाप म्हणजे काय, असे विचारणाऱ्याला याहून सोपे उदाहरण मला देता येणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. कागदावर हा पंचायतीचा ठराव आहे. मी त्याला पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो. त्यात गावाने आपले नाव घातले, चूक कोणती ते नेमके सांगितले आणि उद्यापासून काय करायचे नाही ते ठरवले. त्यापेक्षा जास्त काही देवाने कधी मागितले असेल, असे मला वाटत नाही. ठराव झाला म्हणून रीत लगेच मरत नाही, हे ठाऊक आहे. पण आपण ज्याला रीत म्हणत होतो त्याला अपराध म्हणण्याचे धैर्य गावाने एकदा दाखवले की तो शब्द परत गिळता येत नाही.

आश्विन वद्य पंचमीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते. मोझरीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसे एकदम स्तब्ध उभी राहतात. 11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले ती ही वेळ. याच दिवसांत आर्णीकडच्या शेतांत बोंडे फुटायला लागलेली असतात, वेचणीला बाया लागलेल्या असतात, पहिल्या वेच्याआधी सीतादहीची पूजा होते, आणि थोड्याच दिवसांत कापूस काट्यावर जातो. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेने फार पूर्वीच घडवून ठेवला आहे. मोझरीची ती शांतता या मुलखातल्या प्रत्येक गावात पाळली जावी आणि ती श्रद्धांजलीपुरती राहू नये, असे माझे मागणे आहे. व्यापाऱ्याने त्या शांततेत आपला काटा आठवावा, सावकाराने वही, शेतमालकाने वेचणाऱ्या बाईची मजुरी, लिहिणाऱ्याने आपण या जिल्ह्याच्या मरणांवर किती लेख लिहिले आणि त्या घरांत पुन्हा किती वेळा गेलो ते. मीही त्यात आलोच.

मग संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी, गाणे सुरू होण्याआधी, गावातल्या जाणत्यांनी नवरा गमावलेल्या त्या बाईच्या घरी जाऊन यावे. तिला सभेत उभी करून तिचे दुःख ऐकायचे नाही. ते तिने फार ऐकवले आहे. आमचे काय चुकले ते सांग, एवढेच विचारायचे आणि ती बोलली तर मध्ये बोलायचे नाही. नाही बोलली तर परत यायचे. रांगेत बसायला यायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. पहिल्या ओळीतली पट्टी मात्र तिच्यासाठी मोकळी ठेवावी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही.