ओळखीच्या गावातलं धाडस

आमच्या नातेपुत्यात नुसतं 'शिंगणापूर' म्हटलं की शिखर शिंगणापूर, चैत्रात कावडी चढतात ते. जानेवारी २०१६ मध्ये टीव्हीवर जे शिंगणापूर गाजत होतं ते नगरकडचं, शनीचं. चौथऱ्यावर बाईने चढायचं नाही, ही तिथली रीत. २६ जानेवारीला तृप्ती देसाई आणि त्यांच्या भूमाता ब्रिगेडच्या बायका ती मोडायला निघाल्या. वेळ पडली तर हेलिकॉप्टरमधून उतरू, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. पोलिसांनी त्यांना सुप्यालाच अडवलं.

पालखीच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला या रीतीचं नवल वाटायचंच. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्काम करते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया इथून माळशिरस, वेळापूर करत ज्या देवाकडे जातात, त्याच्या पायांवर त्या थेट डोकं टेकवतात आणि विठोबाला त्याचा विटाळ होत नाही. अर्थात आपण फार मिरवण्यातही अर्थ नाही. त्याच विठोबाचं दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं होतं.

शनिशिंगणापूरच्या आंदोलनाला 'स्टंट' म्हणणारे पुष्कळ निघाले. स्टंट तो होताच, आणि हवाच होता. मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून आहे, आडकाठी करणाऱ्याला शिक्षेचीही तरतूद आहे. साठ वर्षं तो कायदा कपाटात निवांत पडून होता. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी याचिका करून तो न्यायालयापुढे ठेवला, १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला त्याच्या अंमलबजावणीची आठवण करून दिली, आणि ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. रस्त्यावरचा गलका नसता तर या निकालाची बातमी आतल्या पानावर गेली असती, आणि याचिका नसती तर गलका चार दिवसांत विरला असता.

मला मात्र त्या बातम्यांमधली दुसरीच गोष्ट खटकत राहिली. अडवायला उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांत गावातल्या बायाही होत्या. देवस्थानच्या अध्यक्षपदी त्याच महिन्यात पहिल्यांदा एक बाई आली होती, आणि तीही रीत पाळण्याच्याच बाजूची. बंड करणाऱ्या पुण्याहून येतात आणि गावातल्या बाया रीत राखतात, याला 'अजून जागृती नाही' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. पुण्याची बाई चौथऱ्यावर चढली तर संध्याकाळी पुण्याला परत जाते. गावातली चढली तर तिला त्याच घरात, त्याच भावकीत, त्याच दुकानदाराच्या उधारीवर राहायचं असतं. दोघींच्या धाडसाची किंमत एक नाही.

आपल्याकडच्या स्त्रियांच्या सगळ्यात गाजलेल्या आंदोलनाकडे या नजरेने पाहावं. १९७२ चा दुष्काळ, धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळंच महाग. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन मोर्चा निघाला. ठरल्या वेळी घरोघरी थाळ्या वाजू लागल्या. पोलिसाने लाठी उगारायची कोणावर, तर हातात लाटणं घेतलेल्या, आपल्या आईसारख्या दिसणाऱ्या बाईवर? सरकारची पंचाईत झाली ती इथे. पण थाळीची आणखी एक खुबी होती. चाळीच्या गॅलरीत शंभर थाळ्या एकदम वाजतात तेव्हा पहिली कोणी वाजवली हे सासऱ्यालाही सांगता येत नाही. गर्दीने प्रत्येकीला आडोसा दिला. त्याच मृणालताईंनी पुढे गर्भलिंग निदानाविरुद्ध विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्यासाठी कायदा केला, देशात सर्वांत आधी. लाटण्याचे फोटो सगळ्यांना आठवतात, विधेयक कोणाला आठवत नाही.

थाळीला स्वतःचं मत नसतं, हेही इथेच सांगून टाकावं. डिसेंबर १९७१ मध्ये चिलीच्या सान्तियागो शहरात रिकामी भांडी वाजवत बायका निघाल्या, त्या अलेंदे यांच्या डाव्या सरकारविरुद्ध, आणि त्यांत खात्यापित्या घरच्या बऱ्याच होत्या. पुढे तीच भांडी पिनोशेच्या हुकूमशाहीविरुद्ध वाजली. आणि २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या त्या सरकारच्याच सांगण्यावरून. हत्यार म्हणून जी निघाली ती थाळी पन्नास वर्षांच्या आत आज्ञाधारक झाली. नावीन्य संपलं की आंदोलनाचा सण होतो.

काही वेळा आडोसा टाकून देण्यातच आंदोलन असतं. १५ जुलै २००४ ला इंफाळमध्ये कांगला किल्ल्याच्या दारात बारा मणिपुरी स्त्रिया विवस्त्र उभ्या राहिल्या. मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून नेलं होतं आणि नंतर तिचा मृतदेह सापडला होता. या बायका वयाने आया होत्या आणि राहायच्या तिथेच होत्या. त्यांच्याविषयी लिहिताना 'अभिनव आंदोलन' हा शब्द मला वापरवत नाही. दुसरं काही शिल्लक नसताना माणूस जे करतो ते त्यांनी केलं.

आपल्या गावाखेड्यातल्या बाईला रोजच्या जगण्यात इतकं टोक गाठायचं नसतं. तिला हवा असतो आडोसा. हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ही कल्पना मांडणारे प्रमोद झिंजाडे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचे. पंधरा दिवसांच्या आत शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही असे ठराव करावेत असं सांगितलं. ठराव आला की 'मी कुंकू लावणार' याऐवजी 'गावाने ठरवलंय' म्हणता येतं. एवढा आधारही पुष्कळ असतो, जरी आरशासमोर शेवटी एकटीलाच उभं राहावं लागलं तरी.

आणि दारूबंदीची आडवी बाटली. दुकान चालू ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. मतदान गुप्त. नवरा पिणारा, दीर दुकानात बसणारा, तरी पडद्याआड शिक्का कुठे मारला हे कोणाला कळत नाही. सातारा जिल्ह्यात कितीतरी गावांनी बाटली आडवी केली. मला विचाराल तर लाटण्याइतकीच ही अस्सल मराठी युक्ती आहे, आणि गावच्या बाईच्या अडचणीला जास्त जवळची.

पण नियम बारकाईने वाचावा. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, म्हणजे गुप्त मतदानाआधी नाव-गाव उघड करणं आलंच. मग आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. हजार नावं असतील तर पाचशे एक. चारशे नव्वद आडव्या आणि वीस उभ्या पडल्या, तरी जिंकली उभीच. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्या दिवशी जिला घरातून बाहेर पडू दिलं नाही ती, आणि मेली तरी जिचं नाव यादीतून कमी झालं नाही ती म्हातारी, या सगळ्यांचं मत आपोआप दुकानाला. सरपंच निवडताना, आमदार निवडताना हा हिशेब आपण कधी लावत नाही. लावला तर किती आमदार घरी बसतील! दारूचं दुकान तेवढं आमदाराहून भक्कम पायावर उभं आहे. येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराला विचारायचा प्रश्न हाच आहे: या एका मतदानात गैरहजर बाई कोणाच्या बाजूने मोजायची, आणि ते ठरवलं कोणी?