‘सर्व’ म्हणजे कोणत्या?

बसू नका, उभेच राहा. ही सही तुमचीच ना, डॉक्टर?

पाटण तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी. विहिरीच्या काठावरून पडून गेला. पाय घसरून पडला की छातीत कळ आली म्हणून पडला, एवढंच पोलिसांना हवंय. त्याच्या बायकोचा अपघात विम्याचा दावा त्या उत्तरावर अडलाय. आणि तुम्ही काय लिहिलंत? ‘सर्व रक्तवाहिन्यांत मध्यम अथेरोस्क्लेरोसिस.’ एक ओळ! रजिस्टरला ब्लॉक दिसतायत दोन: एक एओर्टाचा, एक कॉरोनरीच्या एलएडी फांदीचा. कॅरॉटिड पाठवलीच नव्हती म्हणता? मग ‘सर्व’ लिहिलंत कशाच्या जोरावर?

रोहिणी कडक होते ती सगळीकडे सारखी होत नाही. पोटातली एओर्टा, त्यातही मूत्रपिंडांच्या फाट्यांखालचा भाग, सगळ्यात जास्त बिघडतो. त्याखालोखाल कॉरोनरी, मग गुडघ्यामागची पॉप्लिटियल, इंटर्नल कॅरॉटिड, मेंदूच्या तळाचं विलिसचं वर्तुळ. हाताच्या रोहिण्या बहुतेक सुटतात. छातीच्या हाडामागची इंटर्नल मॅमरी तर इतकी स्वच्छ राहते की बायपासला सर्जन तीच वापरतात. रक्त एकच, कोलेस्टेरॉल एकच, मग असं का?

तुम्ही कऱ्हाडचे. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर भिडतात. तिथे गाळ कुठे धरतो? धार मंदावते तिथे. रोहिणीच्या फाट्यावरही बाहेरच्या भिंतीलगत रक्त रेंगाळतं, उलटं फिरतं, आणि तिथलंच अस्तर आधी बिघडतं. फक्त चरबी गाळासारखी वरून बसत नाही, अस्तराखाली भिंतीत शिरते. हे तोंडीला विचारलं की निम्मी बॅच गप्प असते.

त्यामुळे एओर्टा खराब दिसली म्हणून कॉरोनरी खराबच असेल, असं धरून चालत नाही. उलटही नाही. विडी ओढणाऱ्याची पोटातली एओर्टा जास्त बिघडते. हा शेतकरी विडी ओढत होता का, बीपी होतं का? तो रकाना कोराच सोडलात.

आणि एलएडी कात्रीने उभी फाडलीत! कोणी शिकवलं? आडवे काप, तीन ते पाच मिलिमीटरवर. उभं फाडल्यावर पोकळी किती उरली होती हे आता सांगणार कसं? गुठळी असलीच तर कात्रीच्या टोकाने पुढे सरकली. कॅल्शियम असेल तर आधी डीकॅल्सिफाय करायचं, चाकू रेटायचा नाही.

१९५३ साली एनॉस आणि सहकाऱ्यांनी कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या तपासणीचा अहवाल छापला. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्क्यांहून अधिक जणांच्या कॉरोनरीत बिघाड होता. धडधाकट पोरं होती ती. वय बघून अंदाज ठोकला असता तर ‘नॉर्मल’ लिहून मोकळे झाले असते. तुम्हीही अंदाजच ठोकलात, फक्त ‘मध्यम’ असा.

उद्या साताऱ्याच्या कोर्टात वकील विचारेल, पोकळी किती टक्के बंद होती? तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा नसेन.

उजवी कॉरोनरी आणि सर्कमफ्लेक्स अजून बरणीत शाबूत आहेत. आजच काप घ्या. रिपोर्ट नव्याने लिहा, एका रोहिणीला एक ओळ: कुठला भाग, कसला प्लाक, पोकळी किती अरुंद. आणि जी आलीच नाही तिच्यापुढे ‘प्राप्त नाही’ असं स्पष्ट लिहा. जा.