लीळाचरित्राची पोथी आणि मार्गातील ग्रंथभांडार



ज्या मार्गात साधकाला नित्य अटन, भिक्षा आणि विजन सांगितले आहे, ज्यात झोळीपलीकडे संग्रह नको असे शास्त्र आहे, त्या मार्गात ग्रंथांचा एवढा मोठा संग्रह कसा झाला, हा प्रश्न जिज्ञासू वासनिकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अन्यत्र आधी मठ उभा राहतो, मग त्यात ग्रंथ येतात. येथे क्रम उलटा आहे. ग्रंथ आधी स्मरणात होता, नंतर झोळीत आला आणि मठाच्या कोठीत तो फार पुढे जाऊन विसावला.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेल्यावर भक्तजन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जमले. आचार्य श्रीनागदेव अखंड लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांसारख्या शास्त्रसंपन्न पंडिताला वाटले, हे स्मरण आचार्यांबरोबरच संपले तर पुढील जीवांनी काय करावे? त्यांनी वाजेश्वरीच्या एकांतात आचार्यांकडून लीळा ऐकल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या लीळेच्या वेळी जो भक्त जवळ होता, त्याच्या गावी जाऊन त्यांनी ती पुन्हा विचारून घेतली. आपल्या विद्वत्तेने एकही शब्द सजवला नाही. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असा हा ग्रंथ सिद्ध झाला. मार्गाच्या ग्रंथभांडाराची पायाभरणी ती हीच.

पुढे दिल्लीच्या फौजांच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांच्या मुखी लीळा होत्या, त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी नावे पोथ्यांतून आढळतात, ती यामुळेच. येथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. दोघांच्या स्मरणात अंतर पडले, तेव्हा पोथी लिहिणाऱ्याने एकाचे खरे आणि दुसऱ्याचे खोटे असा निवाडा केला नाही. ‘शोधु’ म्हणून, ‘वासना’ म्हणून दुसरा पाठ त्याने शेजारीच नोंदवून ठेवला. प्रभूंच्या शब्दात आपली मती मिसळू नये, ही त्या हाताची भीती होती. आज ज्याला पाठभेदांची नोंद म्हणतात, ते काम बोरू घेऊन बसलेल्या या भिक्षुकांनी इतक्या शतकांपूर्वी केले आणि त्याचा गवगवा केला नाही.

आता अवघड भागाकडे वळावे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथ करू पाहत होते, तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. त्याने मार्गातील म्हाताऱ्या वंचित राहतील, हे त्यांचे कारण होते. भाषेचे दार असे सर्वांसाठी उघडे ठेवले गेले. पण १४व्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी योजली आणि पाठोपाठ सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा लिप्या आल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, कोठे केवळ एखादी खूण. ज्याला किल्ली ठाऊक, त्यालाच वाचता यावे. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती जाऊन त्याची विटंबना होऊ नये, हा हेतू निश्चितच शुद्ध होता. त्या कुलपाने ग्रंथ राखले, हेही खरे. पंजाबात, पुढे पेशावर-काबूलपर्यंत जयकृष्णी बंधूंनी मराठी पोथ्या नेल्या आणि त्यांच्यातली भाषा जशीच्या तशी जपली. तथापि ज्या म्हातारीसाठी आचार्यांनी संस्कृत नाकारले, तिलाही ती पोथी हाती घेऊन वाचता येईना. बाहेरच्या जगाने मात्र, आत काय आहे हे न पाहताच, पंथाविषयी नाना कल्पना रचल्या.

२०व्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. काही महंतांनीही विश्वासाने पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. १९२५ साली य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध झाले, ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापले आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची आवृत्ती निघाली. छपाईने सर्व काम संपले, असे मात्र नाही. छापील आवृत्ती काही निवडक पोथ्यांवरून सिद्ध होते. वेगळ्या आम्नायाची पोथी, तिच्यातला एखादा निराळा शोध, हे अजून कोण्या मठाच्या कोठीत किंवा वासनिकाच्या माळवदावरील पेटीत असू शकते.

अशा पोथीपुढे पुष्कळ घरी विडा ठेवतात, दंडवत घालतात. पण वेष्टनाची गाठ सुटत नाही. कसरीला सकळ लिपी आणि बाळबोध यांत भेद नाही. ज्या घरी पूर्वजांची पोथी असेल, त्या घरच्याने कोरडा दिवस पाहून स्वच्छ हातांनी ती उघडावी. तेलाचा दिवा जवळ ठेवू नये, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. शेवटच्या पानावर लेखकाचे नाव, शक आणि आम्नाय लिहिलेला असतो; तो वाचता येत असल्यास उतरून घ्यावा. येत नसल्यास पोथी जाणत्या महंतांना दाखवावी आणि समोर बसून त्यांच्याकडून एक तरी लीळा वाचवून घ्यावी. त्या वेळी घरातल्या म्हाताऱ्यांनाही जवळ बसवावे.