काठीच्या आधीचा फोन

8 जुलै 2025 ला मीरा रोडमध्ये मराठीच्या प्रश्नावर मोर्चा निघायचा होता. पोलिसांनी ठरलेल्या मार्गाला परवानगी दिली नाही, आदल्या दिवशी नोटिसा धाडल्या, मनसेचे अविनाश जाधव यांना पहाटे साडेतीनच्या सुमारास घरून ताब्यात घेतलं आणि सकाळी रस्त्यावर दिसेल त्या कार्यकर्त्याला गाडीत बसवलं. चार-पाच दिवसांपूर्वीच याच शहरात व्यापाऱ्यांचा मोर्चा बिनबोभाट पार पडला होता, त्यामुळे लोक अधिकच चिडले. गर्दी वाढली, मोर्चा शेवटी निघालाच आणि तिथे आलेल्या मंत्री प्रताप सरनाईक यांना घोषणा ऐकत माघारी फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्त मधुकर पांडे यांची बदली झाली, निकेत कौशिक आले. बदलीच्या आदेशात कारण लिहायचा रिवाज नाही, पण शहराला जे समजायचं ते समजलं.

आता समजा, बंदोबस्त हाच, पण एखाद्या कॉलेजच्या फाटकावर. आणि गाडीत बसवलेली मुलं एकोणीस-वीस वर्षांची. तेव्हा कुणाची बदली झाली असती? आपल्या राज्यातला अनुभव विचाराल तर, कुणाचीही नाही. जुलैच्या त्या गर्दीमागे मतं होती, पक्ष होते, महापालिकेची निवडणूक डोळ्यांसमोर होती. विद्यार्थ्यामागे यातलं काही नसतं. दोन-तीन वर्षांत तो कॉलेज सोडून जातो, आणि त्याच्यावरचा खटला तेवढा मागे राहतो.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं उदाहरण घेऊ. गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदावरच्या नेमणुकीविरुद्धचा तिथला संप 12 जून 2015 ला सुरू झाला आणि 139 दिवस चालला. मधल्या काळात, 17 ऑगस्टला, 2008 च्या तुकडीचे अपुरे राहिलेले चित्रपट आहेत तसेच तपासून टाकायचे असं संचालक प्रशांत पाठराबे यांनी ठरवलं, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना त्यांच्या केबिनमध्ये घेराव घातला. दुसऱ्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, पोलिसांची गाडी आवारात आली. पाच जणांना अटक झाली आणि 19 तारखेला कोर्टाने त्यांना जामीन दिला.

लाठी चालली नाही, अश्रुधूर नाही. म्हणूनच ही घटना मला जास्त बोलकी वाटते. बळाचा वापर म्हटलं की आपल्याला वळ आणि रक्त आठवतं, त्यामुळे वादही तिथेच अडकतो: मारलं किती, कुठे मारलं, आधी दगड कुणी उचलला. एफटीआयआयमध्ये बळ होतं ते वेळेत. तक्रार आदल्या दिवसाच्या घटनेची. आरोपी वसतिगृहात राहणारे, म्हणजे पत्ता ठाऊक. पळून जायचं सोडाच, ते तर संपावर बसलेले. सकाळी दहा वाजता नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात जुलै 2014 मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, बजावलं होतं. मध्यरात्र तपासासाठी लागत नव्हती. ती इतर खोल्यांमधल्या मुलांसाठी होती.

पुढे पस्तीस विद्यार्थ्यांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यातली एक पायल कपाडिया. 2024 च्या मे महिन्यात कान महोत्सवात तिच्या चित्रपटाला ग्राँ प्री मिळालं, देशभर अभिनंदनाचा पाऊस पडला, आणि महिनाभरात पुण्याच्या कोर्टात याच खटल्याची तारीख होती. नऊ वर्षं! पुरस्कार मिळाला म्हणून निदान तिच्या खटल्याची बातमी झाली. बाकीचे चौतीस जण तारखेला जातात की नाही, हे विचारायला कुणी गेलं असेल असं वाटत नाही.

माझं म्हणणं असं की विद्यार्थ्यांवरच्या बळाचा हिशेब आपण चुकीच्या टोकाला मांडतो. तो हवालदाराच्या काठीशी मांडतो. प्रत्यक्षात निर्णय बहुतेक वेळा त्याच्या आधी, संचालकाच्या, कुलगुरूंच्या किंवा प्राचार्यांच्या केबिनमध्ये झालेला असतो, आणि तो होतो एका फोनवर. त्या फोनची नोंद नसते. तो करण्याआधी काय काय करून पाहिलं, मुलांशी कोण बोललं, किती वेळ दिला, यातलं काहीही कुठे लिहिलं जात नाही. नंतर चौकशी झालीच तर पोलिसांची होते. प्राचार्य ‘परिस्थिती हाताबाहेर गेली होती’ एवढं सांगून मोकळे.

कधी कधी फोनही करावा लागत नाही. मे 2025 मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दलची दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट पुढे पाठवली. टीका सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी तिला अटक झाली, येरवड्यात ठेवण्यात आलं, आणि कॉलेजने तिचं म्हणणं ऐकूनही न घेता तिला काढून टाकलं. 27 मे ला मुंबई उच्च न्यायालयाने तिला त्याच दिवशी सोडायला सांगितलं, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि सरकारच्या बरोबरीने कॉलेजलाही खडसावलं. परीक्षा चालू होती. पोलिसांची मानसिकता कठोर असते असं आपण गृहीतच धरतो. पण ज्या संस्थेने तिच्याकडून फी घेतली, तिला ओळखपत्र दिलं, तिथल्या एकालाही ‘बाई, तुझं काय म्हणणं आहे?’ असं विचारावंसं वाटू नये?

अमेरिकेतली एक घटना या संदर्भात वाचण्यासारखी आहे, तीही तिच्यानंतरच्या चौकशीसाठी. 18 नोव्हेंबर 2011 ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात फीवाढीविरुद्ध जमिनीवर बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर एका पोलीस अधिकाऱ्याने, झाडांवर औषध मारावं तशा सहजतेने, मिरपुडीचा फवारा मारला. चित्रफीत जगभर पाहिली गेली. निवृत्त न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या समितीने पाच महिन्यांत जाहीर अहवाल दिला. फवारा मारणाऱ्याला त्यात दोष आहेच. तो विशिष्ट डबा वापरायची त्या पोलिसांना मुभा नव्हती आणि प्रशिक्षणही नव्हतं, हे तपशिलाने नोंदलं आहे. पण अहवालाची बरीच पानं खर्ची पडली आहेत ती कुलपती लिंडा कटेही आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या फोनवरच्या बैठकांवर: तंबू आजच का हलवायचे, भर दुपारी का, बळ वापरू नका हे स्पष्ट शब्दांत का सांगितलं गेलं नाही. घटना टाळता आली असती आणि टाळायला हवी होती, असा निष्कर्ष निघाला. एकवीस जणांनी लावलेला दावा विद्यापीठाने दहा लाख डॉलर देऊन मिटवला. (याच विद्यापीठाने पुढे इंटरनेटवरची आपली ती बदनामी पुसायला सल्लागारांवर पावणेदोन लाख डॉलर घालवले, हे 2016 मध्ये उघड झालं आणि बदनामी दुप्पट झाली.) तिथल्या विद्यापीठांचं स्वतःचं पोलीस दल असतं, आपल्याकडे नसतं. उलट त्यामुळे आपल्याकडचा प्रश्न सोपा व्हायला हवा. पोलीस बाहेरून येतात, म्हणजे कुणीतरी बोलावतं किंवा कुणीही न बोलावता येतात. दोन्हींचा कागद असायला हवा.

न बोलावता आल्याचं उदाहरण दिल्लीतलं. 15 डिसेंबर 2019 ला पोलीस जामिया मिलिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरले, परवानगी नव्हती असं कुलगुरू नजमा अख्तर यांनी जाहीरपणे सांगितलं. त्याच रात्री अलीगढमध्ये विद्यापीठाने स्वतःच पोलिसांना बोलावलं होतं. मार दोन्हीकडे पडला. अलीगढच्या बाबतीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या चौकशीनंतर अलाहाबाद उच्च न्यायालयाने जखमी विद्यार्थ्यांना भरपाई द्यायला सांगितली. म्हणजे नुसत्या परवानगीने प्रश्न सुटत नाही हे मला मान्य आहे. कुलगुरूंची सही हे काही चिलखत नाही. पण अलीगढमध्ये कुलगुरूंना जाब विचारता आला तो बोलावल्याचं उघड होतं म्हणून.

आता दुसरी बाजू. कॅम्पस म्हणजे पोलिसांना मज्जाव असलेला किल्ला, ही कल्पना मला पटत नाही. 2019 च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. सोबतच्या वरिष्ठ डॉक्टरांकडून तिचा जातीवरून छळ होत असल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी आधीच केली होती. ती आतल्या आत जिरली. तिथे पोलीस लवकर यायला हवे होते. 1989 मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या काळात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, तिथेही स्वायत्ततेचा काही उपयोग नव्हता. माणसाला इजा होत असेल तर दार उघडंच पाहिजे. प्रश्न आहे तो इजा झालेला माणूस कोण, हे पोलिसांना ओळखू येण्याचा. 2 फेब्रुवारी 2024 ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग चालू होता, रामलीलेतल्या नटांच्या रंगपटातल्या गमतीजमतींवरचा. अभाविपचे कार्यकर्ते रंगमंचावर चढले, प्रयोग बंद पाडला. पोलीस आले आणि अटक झाली ती केंद्राचे प्रमुख प्रवीण भोळे आणि पाच विद्यार्थ्यांना. ज्यांचा प्रयोग उधळला तेच आरोपी! दुसऱ्या दिवशी केंद्राची मोडतोडही झाली. विद्यापीठ या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभं राहिलं असतं, तर पोलिसांचाही हात थोडा अडखळला असता असं मला वाटतं.

ओवेन डिसोझाच्या खुनानंतर महाराष्ट्राने जे केलं त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. निवडणुकीत हिंसा झाली म्हणून निवडणुकाच बंद केल्या. 1994 च्या कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली, 2019 मध्ये ती होणार असं जाहीर झालं, मग लोकसभा, मग विधानसभा, मग करोना. परिणाम असा की कॉलेजात गडबड झाली तर प्राचार्यांना बोलायला समोर कुणी नसतं. निवडून आलेला प्रतिनिधी कटकट्या असतो, पक्षाचा असतो, कधी कधी गुंडही असतो. पण त्याला फोन करता येतो. तो नसेल तर फोन ठाण्यात जातो.

मीरा-भाईंदरमध्ये हे जास्तच खरं आहे. इथे कॅम्पस जवळपास नाहीतच. बहुतेक कॉलेजं म्हणजे सोसायट्यांच्या मधली चार-पाच मजल्यांची इमारत, खाली शाळा, वर ज्युनिअर, त्याच्या वर डिग्री. फाटकाबाहेर थेट रस्ता, रिक्षा, वडापावची गाडी, झेरॉक्सचं दुकान. गळ्यातलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय वॉचमन आत सोडत नाही आणि लेक्चर संपलं की आत थांबू देत नाही. चाळीस मुलांना फीवरून किंवा निकालावरून काही म्हणायचं असेल तर ती उभी कुठे राहणार? फाटकाबाहेर. म्हणजे रस्त्यावर, म्हणजे वाहतुकीला अडथळा, म्हणजे लगेच पोलिसांचा विषय. जंतरमंतर राहू दे, आझाद मैदानही इथून तास-सव्वा तासाच्या लोकलवर.

त्यात 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरारला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. सदानंद दाते पहिले आयुक्त. त्याआधी आपण ठाणे ग्रामीण पोलिसांत होतो आणि जमावबंदीचा आदेश महसुलाच्या साहेबाकडून निघायचा. आयुक्तालयात तो अधिकार पोलिसांकडेच येतो. जमाव बेकायदा ठरवणारं आणि तो पांगवणारं कार्यालय एकच. मुंबई पोलीस कायद्याच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खालचे पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश आयुक्तालयांत पुन्हा पुन्हा निघत असतात, आणि पाच मुलं घोळक्याने उभी राहिली की कागदोपत्री गुन्हा घडलेला असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 148 तर ठाण्याचा प्रमुख हजर नसेल तेव्हा उपनिरीक्षकालाही जमाव पांगवायचा आणि गरज पडल्यास बळ वापरायचा अधिकार देतं. शिक्षणसंस्थेसाठी त्यात वेगळा शब्द नाही. जे काही आहे ते संकेत म्हणून, आणि संकेत पाळला नाही म्हणून कुणाला मेमो मिळत नाही.

कायदा बदलायची वाट न बघता करता येईल असं एक काम आहे. ठाण्यात फोन करणाऱ्या प्राचार्याने त्याच दिवशी लेखी द्यावं: कुणाला धोका होता, मुलांशी कोण बोललं, आणि पोलिसांकडून नेमकं काय हवं होतं. पोलिसांनी तो कागद स्टेशन डायरीत लावावा आणि महिन्याच्या आत तो कॉलेजच्या फलकावरही लागावा. आयुक्त एका परिपत्रकाने आणि मुंबई विद्यापीठ एका परिपत्रकाने हे करू शकतं. यात क्रांतिकारक काही नाही. आपल्या सोसायटीची समितीसुद्धा पाण्याचा टँकर मागवला तर नोंद ठेवते.

याला विरोध प्राचार्यांकडून होईल, पण तो मोडून काढता येईल. अवघड विरोध पालकांचा आहे. सकाळची लोकल पकडून चर्चगेटला जाणारा, हप्ते भरून मुलीची फी देणारा बाप आंदोलनाच्या नावानेच धसकतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने 2024 मध्ये विद्यार्थ्यांकडून राजकीय आणि प्रस्थापितविरोधी चर्चा-आंदोलनांत भाग घेणार नाही अशी हमी मागितल्यावर बाहेर टीका झाली. मीरा रोडमधल्या कॉलेजने उद्या तसाच कागद प्रवेशाच्या अर्जाला जोडला तर पालक तो न वाचता सही करून देतील, आणि वाचला तर जास्तच खुशीने. त्यांच्यातले कित्येक जण 8 जुलैला स्वतः त्या गर्दीत होते, किंवा गॅलरीतून मोर्चाला हात दाखवत होते. परवानगी नाकारली तेव्हा त्यांना राग आला तो आपल्या म्हणण्याला जागा दिली नाही याचा. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाला आलेला राग तोच आहे, हे या पालकांना पटवणं आयुक्तांना पटवण्यापेक्षा कठीण जाईल, आणि सुरुवात तिथूनच करावी लागेल.